सातवी पायरी

सातवी पायरी इंचभर उंच आहे.
वडिलांनी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून
बांधून घेतली, शहात्तर साली.
आम्हा घरच्यांच्या गुडघ्यांना ती पाठ.
अंधारात, काखेत कांड्यांची पाटी असतानाही
कुणी कधी अडखळलं नाही.

पाहुण्यांचे गुडघे मात्र रोज नवे.

दाजी पेठेत, खाली चार माग होते.
दोन भंगारात गेले, दोन जाईनात म्हणून राहिले.
वरच्या खोल्या जावयाने मोबाईलवर टाकल्या.
फोटो काढले: पलंग, कूलर, मोराची आमचीच चादर.
जिन्याचा फोटो कुणी काढला नाही.

येतात मग
अक्कलकोटला निघालेली, तुळजापूरहून परतलेली,
परीक्षेला आलेली, लग्नातून रुसून उठलेली.
किल्ली घेतात, पासवर्ड विचारतात,
शेंगाचटणी कुठली चांगली म्हणतात, जातात.
पाच तारे देतात.
एकाने चारच दिले, पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणून.
त्याचं काही चूक नाही.

रेवणसिद्ध बिराजदार म्हणाला होता,
अंबादासण्णा, तुमची जुनी पॉलिसी घर बघते,
धंदा बघत नाही.
रात्रीचे पैसे घेतलेत की ती डोळे मिटते.
वेगळी घ्या, त्रयस्थाच्या इजेची.
वर्षाचा हप्ता सात चादरींएवढा.
मी विचारलं, त्रयस्थ कोण?
तो म्हणाला, वर झोपलेत ते.
माझ्या उशीवर डोकं, माझ्या माठातलं पाणी,
आणि त्रयस्थ.
सही केली.

पाचव्या दिवशीच्या पहाटे पाणी आलं.
पाइप जिन्यातून वर, टाकीपर्यंत,
आणि त्याचा जोड सातवीवरच गळका.
परभणीच्या टाकळकर बाई, निवृत्त ग्रंथपाल,
चप्पल हातात घेऊन उतरत होत्या,
कुणाची झोपमोड नको म्हणून.

मनगट.

फोनवर रेवणसिद्ध म्हणाला,
दवाखान्यात न्या, चहा पाजा, रिक्षाचे पैसे द्या,
पण ‘चुकलं’ म्हणू नका.
कलम आहे. विमाधारकाने
कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करू नये.

मी गप्प.
कारण म्हणून झालं होतं.
जिन्यात, त्यांचा दुसरा हात धरून,
तीनदा: तप्पैंदम्मा, तप्पैंदम्मा, तप्पैंदम्मा.
बाई परभणीच्या. त्यांना वाटलं,
मी देवाचं नाव घेतोय.
त्याही कळवळत ‘हो, हो’ म्हणाल्या.

फॉर्ममध्ये रकाना होता:
अपघातानंतर विमाधारक काय बोलला?
रेवणसिद्धने पेन उघडलं, माझ्याकडे बघितलं.
त्याच्या घरी कानडी, माझ्या घरी तेलुगू,
फॉर्म मराठीत.
म्हणाला, मराठीत काय बोललात तेवढं सांगा.
मराठीत?
मराठीत म्हणालो, सावकाश.
त्याने लिहिलं, सावकाश.

सर्व्हेअर आला, टेप घेऊन.
सात, सात, सात, सात, सात, सात,
आठ. पुढची सहा.
वडिलांची चूक पहिल्यांदाच आकड्यात ऐकली.

बाईंच्या भाच्याने बिल पाठवलं, नुसतं बिल,
वर एक ओळही नाही.
कंपनीने दोन महिन्यांनी दिलं, थोडं कापून.
कापलेलं मी पाठवलं.
कशाबद्दल ते लिहिलं नाही. कलम आहे.

मग गवंडी बोलावला.
शहाबादी फरशी उचलली, खालचा चुना तासला,
इंच घमेल्यात भरून गल्लीत टाकला.
आता सगळ्या सारख्या. फोटोही टाकलाय.

रात्री लाइट जाते. मी सवयीने वर निघतो,
सातवीला पाय जरा जास्त उचलतो,
तो हवेत राहतो, मग धपकन खाली.
भिंत धरून उभा राहतो थोडा वेळ.

घरच्या माणसाला ही पॉलिसी लागू नाही.
तेही कलम आहे.